झ्वोनिमिर राजाच्या पदकास अनावृत पत्र

प्रति,
राजा झ्वोनिमिर मुकुट सन्मान आणि त्याचं रौप्यपदक
(स्थापना 1941, राजवटीसह समाप्त 1945)

पदका,

मायन्याची जागा कोरी ठेवून थेट विषयाला येतो. ज्या राज्याने तुला घडवलं, ते राज्य चार वर्षं आणि एक महिना टिकलं. त्या राज्याचा ध्वज, पोलीस, तुरुंग, नोटा सगळं गेलं. तू मात्र उरलंस. जुन्या वस्तूंच्या लिलावात तुझा फोटो येतो, तुझ्या चांदीची शुद्धता आणि फितीचा रंग तपासला जातो, तुझ्या नकलाही विकल्या जातात. तू खरं की खोटं, याची तिथे बारकाईने चौकशी होते. तू कशाबद्दल दिलं गेलंस, ही चौकशी सहसा होत नाही. हे पत्र त्या राहिलेल्या चौकशीसाठी आहे.

आमच्याकडच्या बहुतेकांना तुझा देश भेटला तो फुटबॉलमुळे. 2018 च्या विश्वचषकात लुका मॉड्रिच आणि त्याचे सहकारी लाल-पांढऱ्या चौकटींचे सदरे घालून अंतिम सामन्यापर्यंत गेले, तेव्हा इथल्या चहाच्या टपऱ्यांवरही क्रोएशियाचं कौतुक झालं. त्या चौकटी जुन्या आहेत, तुझ्याहून कितीतरी जुन्या. पण तुझ्या मालकांनीही त्याच वापरल्या. त्यांच्या ढालीत पहिली चौकट पांढरी होती आणि वर 'यू' हे अक्षर होतं, तेव्हा सत्तेवर असलेल्या फॅसिस्ट उस्ताशा संघटनेचं. आजच्या क्रोएशियाच्या ढालीत पहिली चौकट लाल आहे. एका चौकटीच्या रंगावरून तिथे आजही भांडणं होतात. एखाद्या देशात खुणांना एवढं वजन का येतं, ते तुझी जन्मकथा वाचल्यावर समजतं.

6 एप्रिल 1941 ला जर्मनी आणि इटलीने युगोस्लाव्हियावर हल्ला केला. चार दिवसांत जर्मन रणगाडे झाग्रेबमध्ये शिरले आणि त्याच 10 एप्रिलला स्लाव्को क्वातेर्निकने आकाशवाणीवरून 'स्वतंत्र क्रोएशिया राज्य' जाहीर केलं. ज्याच्या नावाने ही घोषणा झाली तो आन्ते पावेलिच तेव्हा इटलीत होता. काही दिवसांनी तो आला आणि 'पोग्लाव्निक', म्हणजे सर्वोच्च नेता, म्हणून गादीवर बसला. राज्यात आजचा बोस्नियाही घातला होता. स्वातंत्र्य किती होतं, ते 18 मेच्या रोम करारात दिसलं. दाल्मातियाचा किनारा आणि बेटांचा मोठा भाग पावेलिचने इटलीला देऊन टाकला.

त्याच दिवशी, त्याच रोममध्ये, तुझ्या नावातला मुकुटही देऊन झाला. इटलीच्या राजघराण्यातला आयमोने, स्पोलेटोचा ड्यूक, याला क्रोएशियाचा राजा नेमलं. त्याला 'दुसरा तोमिस्लाव्ह' हे नाव मिळालं. हा राजा आपल्या राज्यात एकदाही आला नाही. 1943 मध्ये इटली कोसळल्यावर त्याने पद सोडलं. प्रजेने त्याला पाहिलं नाही, त्याने प्रजेला पाहिलं नाही. राजा नसलेल्या राज्यात मुकुट मात्र जागोजाग होता. कायद्यात होता, आणि तुझ्या नावात होता.

आता ज्याच्या मुकुटाचं नाव तुला दिलं त्याच्याबद्दल. दिमितार झ्वोनिमिर हा अकराव्या शतकातला क्रोएशियाचा राजा. 1075 मध्ये स्प्लिटजवळच्या सोलिनमध्ये पोपच्या दूताने त्याला राज्याभिषेक केला. 1089 मध्ये तो गेला आणि थोड्याच वर्षांत क्रोएशियाचा मुकुट हंगेरीच्या राजांकडे गेला. त्याचा खरा मुकुट आज कुठेच नाही. त्याची सगळ्यांत भरवशाची खूण दगडात आहे. क्रक बेटावर बाश्काजवळ सापडलेला, साधारण इसवी सन 1100 चा, ग्लागोलित्सा लिपीतला शिलालेख. सध्या तो झाग्रेबच्या विज्ञान-कला अकादमीत ठेवला आहे. झ्वोनिमिर राजाने संत लुसीच्या देवळाला जमीन दिली, असं त्यात लिहिलं आहे. शिलालेख आणि ताम्रपटांवर वाढलेल्या आम्हा लोकांना हा राजा लगेच ओळखीचा वाटतो. देवळाला इनाम दिलं आणि नाव राहिलं.

तिथल्या लोकांत एक आख्यायिकाही आहे. झ्वोनिमिरला त्याच्याच प्रजेने ठार केलं आणि मरताना त्याने शाप दिला की तुमच्या रक्ताचा राजा तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. इतिहासकार ही कथा खरी मानत नाहीत. पण पावेलिचने ती नक्की ऐकलेली असणार. तरीही त्याने याच राजाचा मुकुट एका परक्या ड्यूकला देऊ केला आणि त्याच मुकुटाच्या नावाने पदकं पाडली. शापाच्या कथेला एवढा आज्ञाधारक शिष्य दुसरा मिळाला नसेल.

राज्य उभं राहिल्यापासून पंधरा-वीस दिवसांत काय घडलं ते बघ. 17 एप्रिलला 'जनता आणि राज्य यांच्या संरक्षणाचा' कायदा आला. राज्याच्या हिताला बाधा आणली असं ठरलं की मृत्युदंड, असा तो कायदा. 25 एप्रिलला सिरिलिक लिपीवर, म्हणजे सर्बांच्या लिपीवर, बंदी आली. 30 एप्रिलला वंशाचे कायदे आले आणि ज्यू व रोमा माणसं कायद्याने परकी झाली. राज्यातला साधारण तिसरा माणूस सर्ब होता. त्यांच्या गावांवर धाडी सुरू झाल्या. निकोला टेस्लाचं नाव आमच्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. त्याचं जन्मगाव स्मिल्यान. ऑगस्ट 1941 मध्ये तिथल्या सर्बांची कत्तल झाली. टेस्ला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जिवंत होता.

त्याच ऑगस्टमध्ये साव्हा नदीकाठी यासेनोवाचची छावणी सुरू झाली. ती जर्मनांनी चालवली नाही. ती उभारली, चालवली, तिथे मारलं, ते उस्ताशांनीच. यासेनोवाच स्मृतिस्थळाने एकेक नाव शोधत केलेल्या यादीत 83,145 माणसं आहेत. त्यांत सर्ब 47,627, रोमा 16,173, ज्यू 13,116 आणि क्रोएट 4,255. चौदा वर्षांखालची मुलं 20,101. ही सापडलेली नावं आहेत. यादी पूर्ण झाल्याचा दावा ती करणारेही करत नाहीत.

या राज्याला पदकांची फार हौस होती. तुझ्या सोबतीला 'लोखंडी त्रिदल' हा लष्करी सन्मान होता. त्याच्या वरच्या दोन श्रेणी मिळालेल्याला नावाआधी 'व्हितेझ', म्हणजे सरदार, असं लावता येई. शौर्यासाठी वेगळं पदक होतं, त्याला खुद्द पावेलिचचं नाव होतं. आणि एक होता 'रेड झा झास्लुगे', गुणवत्तेचा सन्मान, नागरी आणि धार्मिक मानकऱ्यांनाही देता येईल असा. नव्या, हावऱ्या आणि मनातून घाबरलेल्या राजवटीला पदकं दोन कामांसाठी लागतात. एक, आपण खरंच राज्य आहोत असं इतरांना पटवायला. दोन, हात माखलेल्यांना आणि हात स्वच्छ ठेवू पाहणाऱ्यांना एकाच ओळीत उभं करायला.

दुसऱ्या कामाचं उदाहरण म्हणजे झाग्रेबचे आर्चबिशप अलोयझिये स्तेपिनाच. एप्रिल 1941 मध्ये त्यांनी नव्या राज्याचं स्वागत केलं, धर्मगुरूंना तसं परिपत्रकही पाठवलं. पुढे त्यांचे डोळे उघडत गेले. वंशवादाविरुद्ध त्यांनी कॅथेड्रलच्या व्यासपीठावरून प्रवचनं केली. यासेनोवाचमध्ये सात स्लोव्हेन धर्मगुरू मारले गेले, तेव्हा फेब्रुवारी 1943 मध्ये त्यांनी पावेलिचला पत्र लिहून ही छावणी राज्यावरचा लाजिरवाणा डाग असल्याचं सांगितलं. त्यांच्या धर्मप्रांताची 'कारितास' ही संस्था छावणीतून सुटलेल्या मुलांना घरं शोधून देत होती. पण त्यांनी राजवटीशी जाहीर काडीमोड घेतला नाही. 1944 मध्ये याच राजवटीने त्यांना गुणवत्तेचा सन्मान दिला. 1946 मध्ये कम्युनिस्ट सरकारने त्यांना सोळा वर्षांची शिक्षा ठोठावली. 1998 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्य' घोषित केलं, आणि 2016 मध्ये झाग्रेबच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. क्रोएट कॅथलिक आणि सर्ब ऑर्थोडॉक्स यांच्यात त्यांच्यावरून वाद अजून चालू आहे. या वादात मी न्यायाधीश होणार नाही. एवढंच सांगतो की पावेलिचला पत्र लिहून खडसावणाऱ्या माणसावरही ती राजवट आपला शिक्का उमटवू शकली, आणि तो शिक्का त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना आजही अडचणीत आणतो.

आता तुझ्याकडे वळतो, कारण तुझी गोष्ट अधिक सरळ आहे.

1942 चा उन्हाळा. बोस्नियाच्या वायव्येला कोझारा नावाचा डोंगर आहे. त्याच्या भोवतालच्या गावांत कम्युनिस्ट नेता टिटोच्या पार्टिझन, म्हणजे गनिमी, सैनिकांनी बऱ्यापैकी मुलूख मोकळा केला होता. जून-जुलैमध्ये जर्मन आणि उस्ताशा फौजांनी मिळून त्या डोंगराला वेढा घातला. या मोहिमेत हजारो मारले गेले आणि साठ हजारांहून अधिक गावकरी, बहुतेक सर्ब, त्यांतही बायका आणि मुलं जास्त, पकडून छावण्यांकडे नेले गेले. यासेनोवाच, त्याची शाखा स्तारा ग्रादिश्का, सिसाक. मुलांना आयांपासून तोडलं गेलं. काही आया जर्मनीत मजुरीला पाठवल्या गेल्या. आपण कोण, कुठल्या गावचे, हे सांगता न येणारी तान्ही आणि दोन-तीन वर्षांची पोरं मागे उरली. आज कोझाराच्या माथ्यावर, म्राकोवित्साला, दुशान जामोन्याने रचलेलं उंच स्मारक आहे. तिथल्या भिंतींवर पडलेल्या 9,921 पार्टिझनांची नावं आहेत.

या मोहिमेतल्या जर्मन युद्धगटात एक तेवीस वर्षांचा ऑस्ट्रियन लेफ्टनंट होता, पुरवठा विभागात. त्याचं नाव कुर्ट वाल्डहाइम. युद्धगटाच्या सन्मानयादीत त्याचं नाव आलं, आणि जुलै 1942 मध्ये तू त्याला मिळालंस. झ्वोनिमिर मुकुटाचं रौप्यपदक, ओकच्या डहाळीसह. देवळाला जमीन देणाऱ्या राजाच्या नावाने, गावं रिकामी करणाऱ्या मोहिमेसाठी.

त्याच महिन्यात, कोझाराच्या त्याच गावकऱ्यांसाठी, आणखी एक ऑस्ट्रियन व्यक्ती धावपळ करत होती. डियाना बुडिसाव्ल्येविच. 1891 मध्ये इन्सब्रुकला जन्मलेली, झाग्रेबच्या एका सर्ब शल्यचिकित्सकाची बायको. 1941 च्या शरद ऋतूत तिला छावणीतल्या बायका-मुलांची हकीगत कळली आणि तिने ओळखीच्यांकडून कपडे, औषधं, पैसे गोळा करायला सुरुवात केली. कोझारानंतर कामाने वेगळंच रूप घेतलं. आपलं जर्मन भाषिक असणं तिने किल्लीसारखं वापरलं. जर्मन अधिकाऱ्यांच्या ओळखी काढल्या, लेखी परवाने मिळवले आणि रेड क्रॉसच्या परिचारिकांबरोबर ती स्तारा ग्रादिश्काला मुलं आणायला गेली. आजारी, उपाशी, उवांनी भरलेली पोरं मालगाड्यांतून झाग्रेबला आली. कितीतरी वाटेतच गेली, कितीतरी इस्पितळांत. उरलेल्यांना कारितासच्या मदतीने क्रोएट कुटुंबांत ठेवलं गेलं.

आणि तिने एक कार्डयादी केली. प्रत्येक मुलाचं एक कार्ड. नाव कळलं तर नाव, नाही तर वर्णन, कुठल्या गाडीने आलं, कुठल्या घरी गेलं. पुढे मागे आई परत आली तर मूल सापडावं म्हणून. अशा सुमारे बारा हजार मुलांची नोंद तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ठेवली. मे 1945 मध्ये विजेत्या पार्टिझनांच्या नव्या सरकारने ती यादी तिच्याकडून काढून घेतली. सरकारी माणसांना तिचं काम सोयीचं नव्हतं. पक्षाबाहेरची, परदेशी, सुखवस्तू घरातली बाई एवढं करून गेली, हे त्यांच्या कथेत बसत नव्हतं. ती मग याबद्दल जाहीरपणे बोलली नाही. 1972 मध्ये नवऱ्यासह इन्सब्रुकला परत गेली आणि 1978 मध्ये वारली. तिची जर्मनमधली रोजनिशी 2003 मध्ये झाग्रेबमध्ये छापली गेली तेव्हा जगाला ती कळली. 2019 मध्ये तिच्यावर चित्रपट आला. सर्बियाने 2012 मध्ये तिला मरणोत्तर पदक दिलं.

एकाच डोंगराशी जोडली गेलेली ही दोन माणसं. एकाच भाषेची, एकाच देशातली. त्या उन्हाळ्यात राज्याच्या लेखी 'गुण' कुणाचा ठरला, याची नोंद तुझ्या रूपाने चांदीत झाली. पदका, तुझ्याबद्दल याहून मोठा पुरावा मला लागत नाही.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण तिथेच तू, स्वतःच्या इच्छेविरुद्ध का होईना, एक उपयोगी काम केलंस.

युद्धानंतर वाल्डहाइम राजनैतिक सेवेत गेला. रशियाच्या आघाडीवर 1941 मध्ये आपण जखमी झालो आणि मग व्हिएन्नात कायद्याच्या अभ्यासाला लागलो, अशी आपली हकीगत तो सांगत राहिला. त्या हकीगतीत बोस्निया नव्हता, कोझारा नव्हता, ग्रीसमधलं सालोनिकाचं जर्मन मुख्यालय, जिथे त्याने पुढे काम केलं, तेही नव्हतं. 1972 ते 1981 तो संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होता. युगोस्लाव्हियाने 1947 मध्ये त्याच्याविरुद्ध तयार केलेली आणि पुढल्या वर्षी युद्धगुन्हे आयोगाने दाखल करून घेतलेली फाइल न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्याच अभिलेखागारात, बंद पडून होती. म्हणजे तो ज्या संस्थेचा मुख्य होता तिच्याच कपाटात त्याचा भूतकाळ कुलूपबंद होता. टिटोनेही त्याला युगोस्लाव्हियाचा एक मोठा सन्मान दिला. ज्यांच्याविरुद्ध लढताना तू त्याला मिळालंस, त्यांचाच सेनापती आता त्याचा गौरव करत होता.

इथे आमचा एक धागा आहे, तोही सांगतो. 1977 मध्ये व्हॉयेजर यानं अवकाशात सुटली. त्यांवरच्या सोन्याच्या तबकडीत परग्रहवासीयांसाठी पृथ्वीचे नमस्कार आहेत, त्यांत मराठीतला एक आहे. केरीच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस म्हणून कुर्ट वाल्डहाइमचा शांततेचा संदेशही आहे. केसरबाईंचा सूर आणि तुझ्या मानकऱ्याचा आवाज एकाच तबकडीवरून सूर्यमालेच्या पलीकडे चालले आहेत. निवड करणाऱ्यांना त्याचा भूतकाळ ठाऊक नव्हता. सजवलेली छाती बघून माणूस ओळखायला जगातली हुशार माणसंही चुकतात, याचा हा कायमचा पुरावा.

1986 मध्ये तो ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि जुनी कागदपत्रं बाहेर आली. व्हिएन्नाच्या 'प्रोफिल' साप्ताहिकाने, मग जागतिक ज्यू काँग्रेसने आणि अमेरिकन वृत्तपत्रांनी युद्धातला त्याचा मागोवा काढला. त्या कागदांत तू होतंस. 1942, झ्वोनिमिर पदक. 'मी तिथे नव्हतो' असं म्हणायची सोय तू ठेवली नव्हतीस. मग बचाव आला की हे पदक त्या काळी मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांना सरसकट वाटलं जायचं, त्याला काही अर्थ नव्हता. स्वतःला वाचवताना त्याने तुझी किंमत शून्यावर आणली. ऑस्ट्रियन मतदारांनी त्याला जवळपास 54 टक्के मतं देऊन निवडून दिलं. 1987 मध्ये अमेरिकेने त्याला प्रवेशबंदी केली. 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय इतिहासकारांच्या समितीने सांगितलं की त्याने स्वतः गुन्हा केल्याचा पुरावा मिळाला नाही, पण भोवती काय चाललं आहे ते त्याला माहीत होतं आणि त्याने नंतर ते लपवलं. 1994 मध्ये पोपने त्याला सरदारकीचं पदक दिलं. एका छातीवर पावेलिच, टिटो आणि व्हॅटिकन, तिघांची चांदी.

यातून मला तुझं खरं स्वरूप कळलं. पदकाचा मानकऱ्याच्या मोठेपणाशी संबंध असेल किंवा नसेल. ते देणाऱ्याने सही करून दिलेली पावती असते. अमुक तारखेला, अमुक कामाचं, आम्ही हे मोल मानलं. पावतीवर तारीख असते, म्हणून ती पुराव्यात चालते. मानकरी विसरला, त्याच्या आत्मचरित्राने ते पान गाळलं, तरी पावती राहते. तुझी राजवट आपल्या पापांचा हिशोब स्वतःच्या हाताने, चांदीत, फीत लावून लिहून गेली.

मे 1945 मध्ये पावेलिच ऑस्ट्रियाकडे पळाला, पुढे इटली, मग अर्जेंटिना. 10 एप्रिल 1957 ला, राज्याच्या घोषणेच्या बरोबर सोळा वर्षांनी, ब्युनोस आयरीसजवळ त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या जखमांतून तो नीट सावरला नाही आणि 1959 मध्ये माद्रिदमध्ये मेला. यासेनोवाचचा एक कमांडंट दिन्को शाकिच 1998 पर्यंत अर्जेंटिनात निवांत राहत होता. त्याला क्रोएशियात आणून 1999 मध्ये झाग्रेबच्या न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा दिली. ही शिक्षा स्वतंत्र क्रोएशियाच्या न्यायालयाने दिली, हे विसरता कामा नये.

कारण क्रोएशियाचं आणि तुझं नातं एकाच रंगात रंगवणं अन्यायाचं होईल. तुझ्या राज्याविरुद्ध लढलेल्या पार्टिझनांत क्रोएट मोठ्या संख्येने होते. यासेनोवाचच्या यादीतल्या 4,255 क्रोएटांना तुझ्याच मालकांनी मारलं. आजच्या क्रोएशियाच्या राज्यघटनेची प्रस्तावना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आपल्या राज्याचं मूळ 1943 च्या फॅसिस्टविरोधी परिषदेत शोधते, आणि ते 1941 च्या घोषणेच्या विरुद्ध होतं असं स्पष्ट म्हणते. कागदावर हिशोब चोख आहे.

खुणांचा हिशोब तेवढा चोख नाही. 1994 मध्ये चलनाला 'कुना' हे नाव आलं. ते मध्ययुगीन आहे खरं, पण नोटांवर ते याआधी तुझ्याच राज्याने छापलं होतं. 2023 मध्ये युरो आला आणि तो वाद आपोआप मिटला. 1995 च्या सन्मान कायद्यात राजा दिमितार झ्वोनिमिरच्या नावाचा सन्मान आहे, क्रोएशियन त्रिदल नावाचाही आहे. झाग्रेबच्या 'फॅसिझमच्या बळींच्या चौका'चं नाव 1990 मध्ये बदललं, लोक दहा वर्षं भांडले आणि 2000 मध्ये ते परत आलं. उस्ताशांच्या 'काळ्या सेने'चा म्होरक्या युरे फ्रान्सेतिच याची स्मृतिशिला त्याच 2000 मध्ये स्लुन्य गावात बसली. सरकारने ती 2004 मध्ये उखडली. 2016 मध्ये तर खुद्द यासेनोवाच गावात नव्वदच्या दशकातल्या लढवय्यांच्या स्मृतिफलकावर उस्ताशांची 'मायभूमीसाठी सज्ज' ही सलामी कोरली गेली. बराच गदारोळ झाला आणि पुढल्या वर्षी तो फलक हलवला, पण जवळच्याच नोव्हस्कापर्यंत.

झ्वोनिमिर राजाचं नाव त्याच्या लोकांकडून काढून घ्यावं असं मी म्हणणार नाही. अकराव्या शतकातल्या राजाने विसाव्या शतकातल्या खाटकांचा दोष का सोसावा? ज्याने नाव पळवलं त्याच्याकडून ते परत घेण्याचा वारसांना हक्क आहे. पण परत घेताना पळवलेल्या काळाचा पंचनामाही करावा लागतो. नवा सन्मान छातीला लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे की याच राजाच्या नावाने 1942 मध्ये कोझाराबद्दल बक्षिसी वाटली गेली होती. ते माहीत असेल तर नवा सन्मान स्वच्छ आहे. ते दडवलं तर तो तुझाच पुढचा अंक ठरेल.

तुझं काय करावं? काही जण म्हणतील, वितळवा. मला ते पटत नाही. तुला वितळवलं तर उद्याचा कुणी वाल्डहाइम निर्धास्त होईल. काही जण तुला मखमलीच्या पेटीत घालून लाखोंच्या बोली लावतील, त्यांचंही पटत नाही. तुझी योग्य जागा संग्रहालयात आहे, यासेनोवाचमध्ये काचेवर लिहिलेल्या नावांच्या शेजारी. आणि तुझ्या डाव्या हाताला डियाना बुडिसाव्ल्येविचच्या यादीतलं, नाव न कळलेल्या एखाद्या मुलाचं कार्ड असावं. दोन्हींवर एकच साल, एकच प्रदेश. येणाऱ्या माणसाने दोन्ही वाचावीत आणि गुणवत्ता कशाला म्हणायचं ते स्वतः ठरवावं.

वाचकांनाही एक विनंती आहे. सन्मान कुठलाही असो, कुठल्याही सरकारचा, टाळ्या वाजवण्याआधी तो कुणी दिला, कोणत्या साली दिला आणि त्या दिवसांत तिथल्या दुबळ्या माणसांचं काय चाललं होतं, एवढं विचारून घ्यावं. उत्तर स्वच्छ असेल तर टाळ्या जोरात वाजवाव्यात. नसेल तर हात खाली ठेवावेत.

तुझ्याविषयीचा माझा निवाडा एवढाच की तुला पुन्हा कुणाच्याही छातीवर जागा मिळू नये, आणि तुझी तारीख कुणीही विसरू नये.

कळावे,
एक मराठी लेखक